लोकरीचा गड्डा

थोरलीनं कपाटाचा खण उघडला. खणात गड्डा नव्हता.

गड्डा म्हणजे केसांचा चाप. आताच्या पोरींना सांगून पटायचं नाही, पण त्या काळी चापावर कापडाच्या पाकळ्या शिवून कोबीएवढं फूल करायचं, ते डोक्याच्या मागं खोचायचं आणि वरून स्कार्फ बांधायचा, अशी फॅशन होती. एवढं हौसेनं केलेलं फूल झाकायचं कशाला, हा प्रश्न फक्त पुरुषांना पडायचा. बायकांना ठाऊक होतं की दाखवायचं ते फूल नव्हे, दाखवायचा तो फुगवटा. बघणारीनं मनात म्हणायचं, बाई बाई, केवढे हे केस. गंमत म्हणजे प्रत्येकीच्या डोक्यावर गड्डा होता आणि तरी प्रत्येकीला वाटायचं, माझं सोडा, हिचे मात्र खरे असणार. फार भाबडे दिवस होते ते. आठवले की अजून बरं वाटतं.

थोरलीचे केस टायफॉइडात गेले होते. उरली होती ती उंदराची शेपटी. पण तिचा गड्डा होता सगळ्या पेठेत मोठा, आणि तो बघूनच केसांच्या तेलाच्या दुकानदारानं तिला काउंटरवर ठेवून घेतलं होतं. गिऱ्हाईक आधी तिच्या डोक्याकडे बघायचं, मग बाटलीकडे, आणि मुकाट्यानं पाकीट काढायचं. वडिलांचे गुडघे कामातून गेल्यापासून घर तिच्याच पगारावर चाललं होतं. त्यात आज मालकांनी फोटोवाल्याला बोलावलं होतं. बाटलीच्या लेबलावर तिचा फोटो छापायचा होता.

"आई, माझा गड्डा कुठाय?"

"धाकटी घालून गेली वाटतं. मैत्रिणीचा वाढदिवस आहे म्हणे."

"आजच बरा हिला वाढदिवस सापडला. आता मी काय बोडकं डोकं घेऊन जाऊ? मालक उभं करतील का मला दारात?"

"रडत बसू नकोस. बघू काहीतरी," आई म्हणाली.

मोज्यांचं बोचकं करून बघितलं, ते एका कानाकडे कललं. वाटी उपडी घालून बघितली, तिला पिना बसेनात. शेवटी आईनं वडिलांच्या स्वेटरसाठी आणलेला तपकिरी लोकरीचा अख्खा गुंडा उचलला आणि स्कार्फाखाली बसवला. तो असा बसला की गड्ड्यानं मान खाली घालावी.

"टोक लोंबतंय बघ मागं. कापून टाक."

"कापायचं बिलकूल नाही. पुढं गाठ मारावी लागते, मग ती पाठीला टोचते. कॉलरमध्ये खोच आणि नीघ," आई म्हणाली. लोकर आणि माणूस यांत निवड करायची वेळ आली की आई लोकरीकडून असे.

दुकानात फोटोवाला तिपाई मांडून तयार होता. त्यानं थोरलीला स्टुलावर एका अंगानं बसवलं, म्हणजे फुगवटा पुरा दिसावा. मालक लांबून बघत होते आणि खूश होते.

"आता हलायचं नाही. मान नाही, खांदा नाही, काही नाही," फोटोवाला म्हणाला आणि त्यानं पहिला फोटो काढला. "एक जास्तीचा घेऊ. माणसं डोळे मिटतात आणि मग माझ्या नावानं खडे फोडतात. पण आधी दिवा बदलू दे. तोवर तशीच बस."

तेवढ्यात शिंपीणमावशी तेल न्यायला आल्या. त्यांनी थोरलीच्या मागं जाऊन फुगवट्याकडे डोळे भरून पाहिलं, "दृष्ट लागेल गं पोरी," म्हणाल्या आणि बाटली पिशवीत टाकून चालत्या झाल्या. जाताना पिशवीच्या खटक्यात कॉलरमधलं टोक अडकलं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

थोरलीच्या आलं. डोक्यावर गुंडा हळूच फिरला. मग पुन्हा फिरला. तिनं हात वर केला.

"हात खाली. मी काय सांगितलं?" फोटोवाला ओरडला.

मालकांनीही डोळे वटारले. करते काय बिचारी? दगडासारखी बसून राहिली. मावशी रस्ता ओलांडत होत्या, भाजी बघत होत्या, कुणाशी तरी बोलत थांबत होत्या, हे तिला दुकानात बसून डोक्यावर कळत होतं. फोटोवाल्याचा दिवा काही केल्या लागेना. तो खाली मान घालून खुडबुडत होता, मालक गिऱ्हाइकात गुंतले होते, आणि इकडे फुगवटा भाकरी गार व्हावी तसा बसत चालला होता. अखेर दिवा लागला. फोटोवाल्यानं न बघता बटण दाबलं.

मावशींना लोकर दिसली ती त्यांच्या दुकानाच्या पायरीवर. चांगली लोकर रस्त्यात लोळतेय हे कुठल्या शिंपिणीला बघवेल? त्या गुंडाळत गुंडाळत उलट्या निघाल्या, भाजीवाल्यापासून, चौकातून, रस्ता ओलांडून, आणि थेट तेलाच्या दुकानात आल्या.

"कुणाची गं एवढी लोकर? इथवरच आलीय," म्हणत त्यांनी शेवटचा धागा थोरलीच्या स्कार्फाखालून ओढून काढला. तिथं आता झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मालकांच्या हातातली बाटली तशीच राहिली.

"केस कुठायत तुझे?"

"टायफॉइडात गेले."

"कधी?"

"इथं लागण्याआधी."

मालकांनी हातातली बाटली काउंटरवर ठेवली. मग म्हणाले, "घरी जा. निरोप पाठवला तर ये."

दोन्ही बहिणी त्या दिवशी जेवल्या नाहीत. धाकटी गड्डा मांडीवर घेऊन रडत होती आणि थोरली तिची समजूत घालत होती, कारण रागावायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. नोकरी गेली, आता वडिलांचं औषध कुठून आणायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आठवड्यानं निरोप आला. ती गेली तेव्हा काउंटरवर नवीन बाटल्या रचल्या होत्या. लेबलावर तिचेच दोन फोटो होते. डावीकडे बसकं डोकं, खाली छापलं होतं 'तेल लावण्याआधी'. उजवीकडे फुगवटा, 'तेल लावल्यानंतर'.

"मालक, हे उलटं झालंय."

"फोटो दोन्ही तुझेच ना? खरेच ना? मग कुठला आधीचा, ते आपण ठरवायचं. आणि गड्डा घालून उभी राहा. लोक तुला बघायला येणार आहेत. आता तुला काढून मला परवडायचं नाही," मालक म्हणाले.

दुपारपर्यंत सगळा माल संपला. मावशीही रांगेत होत्या.

संध्याकाळी थोरलीनं एक रिकामी बाटली घरी आणून आईच्या हातात दिली. नोकरी राहिली हे ऐकून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून तिनं चष्मा लावला, बाटली दिव्याजवळ धरली आणि डावीकडचा फोटो, उजवीकडचा फोटो, असं कितीतरी वेळ निरखून बघितलं.

"काही म्हण, फरक आहे गं," ती म्हणाली. "उद्या येताना एक भरलेली घेऊन ये. माझेही हल्ली फार गळतायत."