जावयाचा मीटर

सासऱ्यांच्या निवृत्तीच्या समारंभाला दोन तास उरले होते आणि इस्त्री तापत नव्हती. शर्ट पलंगावर चुरगळून पडला होता.

"घरात जावई असताना काळजी कसली," सासरे म्हणाले.

जावई तंत्रनिकेतनात विजेची प्रात्यक्षिकं घ्यायचा आणि मल्टिमीटर बॅगेतच बाळगायचा. लग्नाला चार महिने झाले होते. सासऱ्यांपुढे काही करून दाखवायची ही पहिलीच संधी. त्याने मीटरची दोन टोकं इस्त्रीच्या प्लगच्या पिनांना लावली. पडद्यावर डावीकडे नुसता एक उमटला.

"पन्नासेक ओहम रोध दिसायला हवा. हा एक म्हणजे अनंत. आत तार तुटलीय."

"अनंत म्हणजे किती?"

"मोजता येणार नाही इतका, बाबा."

सासऱ्यांनी आदराने मान हलवली.

त्याने इस्त्री उघडली. अकरा स्क्रू वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. वायर अनंत, थर्मोस्टॅट अनंत, कॉइलही अनंत. सगळंच एकदम कसं जाईल? तुलनेसाठी त्याने विजेची किटली तपासली, मग टोस्टर. दोन्ही अनंत.

"जादा दाबाची वीज आली असणार," त्याने निष्कर्ष काढला. "घरातलं सगळं जळालंय."

तेवढ्यात शेजारच्या काकू आपली इस्त्री द्यायला आल्या. त्याने तीही मोजली.

"ही पण गेली, काकू."

"अहो, सकाळी तर चालली."

"सकाळची गोष्ट वेगळी."

काकू चेहरा पाडून तशाच दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. सासरे वीज कार्यालयाला फोन लावून तावातावाने बोलत राहिले. अर्ध्या तासाने त्यांनी फोन ठेवला, तेव्हा सासूबाई चहा घेऊन आल्या.

"गॅस तर संपलाय ना?" सासऱ्यांनी विचारलं.

"किटलीत केला. जळालेल्या."

जावयाची बायको हळूच म्हणाली, "मीटरची टोकं एकमेकांना लावून बघ रे."

त्याने लावली. शून्य यायला हवं होतं. एकच आला. मीटरचीच लाल वायर आतून तुटली होती.

"आधी हे बघितलं नाही, तर मुलांचे किती गुण कापतोस?" बायकोने विचारलं.

"दोन."

"मग इस्त्री का तापत नव्हती?" सासऱ्यांनी विचारलं.

"या खोलीतला भिंतीवरचा प्लगपॉइंट महिनाभर बंद आहे," सासूबाई म्हणाल्या. "मी स्वयंपाकघरात लावते. मला कुणी विचारलं?"

निघायला दहा मिनिटं उरली होती. अकरा स्क्रू अजून वर्तमानपत्रावरच होते.

समारंभात सासरे पोटावर किंचित ताणलेल्या, पण कडक इस्त्रीच्या शर्टात बोलायला उभे राहिले. "जावयाने आज अंगावरचा शर्ट काढून दिला," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. का दिला, ते त्यांनी सांगितलं नाही.

शेवटच्या रांगेत जावई त्यांचा चुरगळलेला शर्ट घालून बसला होता. शेजारी काकू येऊन टेकल्या. मांडीवरच्या पिशवीत इस्त्री होती.

"दुरुस्तीवाला म्हणतो, हिला काही झालेलं नाही," त्या कुजबुजल्या. "तुमचा नुसता हात लागला आणि बरी झाली बघा."

जावयाने नम्रपणे मान खाली घातली.