वीसपैकी नऊ

फुटबॉल बघणाऱ्या माणसाला डोकं नसतं, हे डॉ. सिरिल ऑर्मरॉड यांना लहानपणापासून माहीत होतं. आता फक्त ते सिद्ध करायचं राहिलं होतं. थॉर्नशॉच्या विद्यापीठात ते बावीस वर्षं मानसशास्त्र शिकवत होते आणि त्यातली अकरा वर्षं प्राध्यापकपदाकडे डोळे लावून बसले होते. जुने प्राध्यापक मे महिन्यात निवृत्त होणार होते. खुर्ची एक आणि उमेदवार दोन. एक ऑर्मरॉड आणि दुसरे व्हिटेकर, जे कोंबड्यांच्या स्मरणशक्तीवर संशोधन करत. विभागप्रमुख मार्गॉट फेनविकबाईंनी दोघांनाही बजावलं होतं की ज्याचा शोधनिबंध गाजेल त्याची खुर्ची. कोंबड्यांकडून हरायचं म्हणजे फारच झालं, असं ऑर्मरॉडना वाटे.

प्रयोग साधा होता. वीस प्रश्नांची एक बुद्धिमापन चाचणी तीच ती चार वेळा द्यायची. कुठलाही धडधाकट मेंदू सरावाने सुधारतो. ऑर्मरॉडनी आधी ती आपल्या ओळखीच्या चाळीस संगीतप्रेमींना दिली. रविवारी सकाळी व्हायोलिनच्या मैफलीत डोळे मिटून बसणारी ही मंडळी. त्यांचे सरासरी गुण तेरापासून चढत चढत अठरावर गेले. आता फुटबॉलवाले चाळीस पकडायचे होते, आणि थॉर्नशॉमध्ये ते पकडायला फार लांब जावं लागत नाही.

थॉर्नशॉ टाऊन हा क्लब त्या फेब्रुवारीत लीगच्या सगळ्यात खालच्या, चौथ्या विभागाच्या तळाशी जाऊन बसला होता. नव्वद वर्षांत पहिल्यांदा लीगमधून बाहेर फेकलं जायची वेळ आली होती. डिसेंबरपासून एक मॅच जिंकलेली नव्हती. अशा एका शनिवारी ऑर्मरॉड तपकिरी कोट घालून, कागदांचा गठ्ठा घेऊन जुन्या लाकडी स्टँडमध्ये गेले. तिथल्या चाळीस जणांची म्होरकी विनी एंटविसल होती. सत्तरीची बाई, सगळा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेली. तिच्या शेजारी डेरेक, धंद्याने प्लंबर. हातात मांस भरलेली गरम पाई धरून सगळ्यांनी निमूटपणे पेपर सोडवले. ऑर्मरॉड खांबाला टेकून उभे राहिले आणि पेपर गोळा करेपर्यंत म्हणून थांबले ते मॅच संपेपर्यंत थांबले.

टाऊन तीन-शून्यने जिंकलं. गुणांची सरासरी आली वीसपैकी नऊ. दोन्ही गोष्टींनी ज्याचे त्याचे लोक खूष झाले.

पंधरा दिवसांनी पुढची घरची मॅच. पुन्हा चाचणी, पुन्हा नऊ, आणि टाऊन पुन्हा जिंकलं. तिसऱ्यांदा नऊ. चौथ्यांदा नऊ. सरासरीचं सोडा, प्रत्येकाचं प्रत्येक उत्तर अगदी पहिल्यासारखं होतं. ज्याने सातव्या प्रश्नाला चौकोन लिहिला होता त्याने चारही वेळा चौकोनच लिहिला. डेरेकने चौदावा प्रश्न सोडून तिथे पाईच्या रस्स्याचा डाग पाडला होता, तो डागसुद्धा चारही कागदांवर त्याच जागी होता. ऑर्मरॉडनी त्याची नोंद ‘खाण्याच्या सवयींतील साचलेपणा’ अशी केली. माणसाच्या मेंदूत इतका पक्का दगड असू शकतो हे शास्त्राला आजवर माहीत नव्हतं. निबंध आठवड्यात लिहून झाला, एका मोठ्या नियतकालिकाने तो स्वीकारला आणि फेनविकबाई जिन्यात भेटल्यावर थांबून बोलू लागल्या. व्हिटेकर मात्र कोंबड्यांकडे जास्तच वेळ घालवू लागले.

काम संपलं तसे ऑर्मरॉड पाचव्या वेळी गेले नाहीत. घरी चहा पीत पेपर वाचत बसले. टाऊन चार-शून्यने हरलं, हे त्यांना कळलंही नाही.

रविवारी सकाळी दारावर थाप पडली. विनी आणि डेरेक उभे होते, अंगावर चर्चला जायचे कपडे आणि चेहरे त्याहून गंभीर.

“काल कुठं होतास?” विनीने विचारलं.

ऑर्मरॉडनी समजावलं की चाचणी चारदाच द्यायची होती, ती झाली, विज्ञान त्यांचं आभारी आहे.

“विज्ञानाचं राहू दे, बाळा. तू आला नाहीस आणि आम्हाला चार बसले. तू खांबाला टेकतोस, आम्ही कागद लिहितो, टाऊन जिंकतं. हे चार वेळा झालंय. तुझ्याएवढं शिकलेल्याला अजून किती वेळा दाखवायचं?”

ऑर्मरॉड हसले. अडाण्यांशी बोलताना ते जसं हसत तसं. मग ते म्हणाले की अशा समजुती स्वाभाविक आहेत, कारण चाचणीतून दिसलंच आहे की या गटाला सरावाने काही शिकता येत नाही.

“कोण म्हणतं?” डेरेक म्हणाला. “तुमचा पेपर आम्ही पहिल्याच दिवशी मॅचनंतर पबमध्ये बसून सोडवला की. अर्ध्या तासात. सातव्याला तेवढे अडलो होतो, त्रिकोण येतो तिथं, तो विनीनं काढला. आणि अकराव्या प्रश्नात तुमचीच चूक आहे, त्याला दोन उत्तरं येतात.”

मग दर वेळी तीच चुकीची उत्तरं का लिहिली, असं ऑर्मरॉडनी विचारलं.

विनीने त्यांच्याकडे शाळेतल्या सगळ्यात मंद मुलाकडे बघावं तसं बघितलं. “अरे, जिंकलो ना त्या दिवशी. जिंकल्यावर कुणी काही बदलतं का? डेरेकला तर डाग बरोब्बर पाडायला किती त्रास होतो माहितीये? घरून सराव करून येतो तो.”

म्हणजे निबंध गेला, खुर्ची गेली, आणि जगाला शिकवायला निघालेला माणूस पाई खाणाऱ्या चाळीस जणांनी नुसत्या शकुनासाठी बनवला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. निबंध मागे घ्यावा असं क्षणभर ऑर्मरॉडच्या मनात आलं, पण व्हिटेकरांच्या कोंबड्या डोळ्यांसमोर आल्या आणि तो विचार मावळला. विनी मात्र स्वयंपाकघर चालवलेली बाई होती. तिने चेहरा वाचला आणि खुर्चीची गोष्टही दोन प्रश्नांत काढून घेतली. घरच्या तीन मॅच उरल्यात, तिन्हींना याच कोटात, याच खांबापाशी, कागदांसकट यायचं, नाहीतर चाळीस पेपर वीसपैकी वीस उत्तरं लिहून थेट विद्यापीठात पोचतील, असं तिने शांतपणे सांगितलं आणि उन्हाळ्याची फुलं कुठली लावणार म्हणून चौकशी करून ती निघून गेली.

असे ऑर्मरॉड नाक मुठीत धरून पुन्हा स्टँडमध्ये हजर झाले. टाऊन जिंकलं. मूर्खपणा आहे, योगायोग आहे, हे ते मनाशी घोकत राहिले. पुढच्या वेळी बसमध्ये चढल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण करड्याऐवजी निळे मोजे घातलेत. संशोधनाच्या परिस्थितीत बदल नको, असं स्वतःला पटवून ते उतरले, दीड मैल चालत घरी गेले, मोजे बदलले आणि धावत मैदान गाठलं. टाऊन जिंकलं. त्या संध्याकाळी त्यांनी कोट धुवायला टाकायचं रद्द केलं, तेही संशोधनासाठीच. विद्वान माणसाचं हे बरं असतं, त्याला अंधश्रद्धा नसते, त्याच्याकडे कारणं असतात.

आता शेवटची मॅच. बाहेरगावी टाऊन नेमाने हरत आल्यामुळे सगळं या एका शनिवारावर आलं होतं. जिंकलं तर लीगमध्ये, नाहीतर नव्वद वर्षं पाण्यात. आणि सोमवारी निवड समिती बसणार होती. शुक्रवारी फेनविकबाईंनी ऑर्मरॉडना बोलावून सांगितलं की नाव जवळजवळ पक्कं आहे, पण हा गाजलेला प्रयोग त्यांना एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचाय, उद्या त्या येतील. ऑर्मरॉडनी स्टँडमधल्या थंडीची, लाकडी फळ्यांची आणि पाईची भीती घातली. बाई म्हणाल्या, त्या स्कॉटलंडच्या बोर्डिंग शाळेत वाढल्यात.

शनिवारी बाई हिरवी टोपी घालून आल्या आणि नेमक्या खांबाशेजारी उभ्या राहिल्या. पेपर लिहिणाऱ्या चाळीस पेन्सिली थांबल्या. मग पेन्सिली पुन्हा चालू झाल्या, डेरेकने डाग पाडला, पण बाईंच्या टोपीकडे बघण्याच्या नादात तो पंधराव्या प्रश्नावर गेला. बाईंनी प्रत्येक कागद तपासून समाधानाने मान डोलावली. ऑर्मरॉडना वाटलं, आता त्या जातील. पण तिकीट काढलंय तर बघूया म्हणून त्या थांबल्या. एकविसाव्या मिनिटाला टाऊनवर गोल झाला.

मध्यंतराला स्टँड चर्चइतका शांत होता. विनी उठून ऑर्मरॉडजवळ आली आणि त्यांना जरा बाजूला घेऊन गेली.

“तुझ्या बाई आहेत ना त्या? खुर्चीवाल्या?”

ऑर्मरॉडनी मान हलवली.

“मग राहू दे त्यांना. आम्ही आपसात बोललो. ते धमकीचं विसर, कागद आम्ही कुठंही पाठवत नाही. जन्माची खुर्ची आहे तुझी, आमच्यापायी घालवू नकोस. तू एवढा नेमाने आलास, पुष्कळ झालं.” तिने त्यांच्या मळक्या कोटाची कॉलर नीट केली. “उतरलो खाली तर उतरलो. माझा बाप म्हणायचा, टाऊन हरलं तरी सोमवारी स्वयंपाक करायचाच असतो.”

ती जागेवर जाऊन बसली. ऑर्मरॉड उभे राहिले. दमदाटी होती तोवर सगळं सोपं होतं. त्यांनी मोठ्या अक्कलहुशारीने विचार केला. एका बाईच्या उभं राहण्याने बावीस माणसांच्या पायांवर परिणाम होण्याची शक्यता शून्य आहे. हे त्यांना शंभर टक्के माहीत होतं. मग त्यांनी विनीच्या पाठीकडे बघितलं, डेरेककडे बघितलं, जो चुकलेल्या डागाकडे बघत होता, आणि अकरा वर्षं जपलेल्या खुर्चीकडे पाठ करून ते खांबाकडे वळले.

“मॅडम,” ते फेनविकबाईंना म्हणाले, “तुम्ही गाडीत जाऊन बसता का?”

“का? मला थंडी वाजत नाहीये.”

“थंडीचं नाही. तुम्ही आल्यापासून आपण हरतोय.”

बाईंनी चष्मा काढला. मग ऑर्मरॉडनी, आता सुरुवात झालीच आहे तर, सगळं सांगून टाकलं. या चाळीसही जणांना वीसच्या वीस उत्तरं येतात, ती मुद्दाम चुकवतात, कारण पहिल्या दिवशी टाऊन जिंकलं होतं. अकरावा प्रश्न चुकीचा आहे. निबंध खोटा आहे. आणि दुसरा अर्धा भाग दोन मिनिटांत सुरू होतोय, तर कृपा करून जरा लवकर.

बाई टोपी सावरत निघून गेल्या. कुणी टाळी वाजवली नाही. विनी फक्त थोडी सरकली आणि तिने आपल्या गरम पाईतला अर्धा तुकडा मागे खांबाकडे पोचवला.

टाऊनने पासष्टाव्या मिनिटाला बरोबरी केली आणि एकोणनव्वदाव्या मिनिटाला त्यांच्या मधल्या बचावपटूच्या ढुंगणाला लागून बॉल समोरच्यांच्या गोलात गेला, दोन-एक. डॉ. सिरिल ऑर्मरॉड, मानसशास्त्राचे वरिष्ठ व्याख्याते, एका प्लंबरच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

सोमवारी दुपारी ते निबंध मागे घेत असल्याचं पत्र खिशात घालून फेनविकबाईंच्या खोलीत गेले. बाईंनी पत्र वाचलं, घडी घातली आणि सांगितलं की समितीने व्हिटेकरांची नेमणूक केली आहे. कोंबड्यांचे निष्कर्ष निदान कोंबड्यांनी खोटे पाडलेले नाहीत. ऑर्मरॉड बरं म्हणाले आणि उठले.

“बसा जरा,” बाई म्हणाल्या. त्यांनी दार लागलेलं आहे ना ते बघितलं. “मी परवा मागच्या फाटकापाशी गाडीत बसले होते. नदीकडे तोंड करून. करमेना म्हणून संत्रं सोलायला घेतलं, आणि अर्धं सोललं तोच आत ती आरोळी उठली. बरोबरीची असावी. मग मी हात तसाच ठेवला. शेवटपर्यंत सालही काढली नाही, फोडही खाल्ली नाही. बोटं आखडली माझी.”

ऑर्मरॉड पुन्हा बसले.

“नवा मोसम ऑगस्टमध्ये सुरू होतो ना?” बाईंनी आवाज आणखी खाली आणला. “मी त्याच फाटकापाशी यायचं का? ऑगस्टमध्ये संत्री चांगली मिळत नाहीत, म्हणून विचारते. सफरचंद चालेल?”

“सफरचंद अजिबात नको,” ऑर्मरॉड ताठ होऊन म्हणाले. “आणि टोपी तीच.”

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. ऑर्मरॉडनी शेवटपर्यंत अर्धंच सोलायचं हे दोनदा बजावलं आणि ते बाहेर पडले. दोन जिने उतरून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की खुर्ची गेल्याचं वाईट वाटायचं राहूनच गेलं.