पांढरं म्हणजे उपाशी

सुमतीबाईंना तपकिरी रंग मान्य नव्हता. आमची बहुतेक प्रवाळं तपकिरीच, पण बाई म्हणायच्या, “तपकिरी हा रंग नाही, आळस आहे. नीट बघा.” मी “मातकट” म्हटलं की त्या स्वतःच पाण्यात वाकत. “चहात बुडवलेला पाव. आणि हे पलीकडचं? करपायच्या बेतातला कांदा.” गळ्यात रंगांच्या छटांचं प्लास्टिकचं कार्ड असे. त्यावरची छटाही त्या चोख लावत, पण आधी स्वयंपाकघर, मग शास्त्र.

बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, मी त्यांचा मदतनीस. रेवदंड्याजवळच्या खडकांवर प्रवाळाचे मोडके तुकडे सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवायचे आणि ओहोटीला जाऊन त्यांचा रंग तपासायचा, हे आमचं काम. रंग उतरला की तब्येत बिघडली समजायचं. बाई एकेका ठोकळ्याची विचारपूस करत. “काय गं, जेवलीस का?” उत्तर मिळाल्यासारखी मानही हलवत.

एका मे महिन्यात पाणी तापलं आणि ठोकळेच्या ठोकळे पांढरेफटक पडले. आम्हाला होडीतून नेणारे धाकलू नाखवा म्हणाले, “बाय, ह्ये मेलं.”

“न्हाय नाखवा, उपाशी हाय.”

प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. तेच त्याला रंग देतं, तेच जेवू घालतं. पाणी तापलं की ते निघून जातं. वेळेत परतलं तर प्रवाळ वाचतं.

तेवढ्यात मुंबईहून आमच्या कामाला पैसे देणाऱ्या प्रकल्पाचे साहेब आले. मांडव्याला बोटीतून उतरले तेच हे काम बंद करायचं ठरवून. पांढरे ठोकळे पाहून म्हणाले, “मॅडम, आता यात काही राहिलं नाही.”

बाईंनी त्यांना कडक इस्त्रीच्या पँटसकट गुडघाभर पाण्यात उतरवलं आणि हातात भिंग दिलं. “हलू नका. दिसली का बारीक बोटं?”

साहेब बराच वेळ वाकून होते. “हो, हलतायत.”

“मेलेलं कुणी जेवायला हात पुढे करतं का?”

साहेबांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. पावसाळाभर खडकांवर जाता येईना. बाई मला फोन करून आज समुद्र गार वाटतो का, एवढंच विचारत.

पाऊस सरल्यावर आम्ही पोचलो, तर पहिला ठोकळा तपकिरी. दुसराही. काही गेले होते, पण बहुतेकांवर रंग चढला होता. बाई कार्ड लावायचं विसरून एका ठोकळ्याकडून दुसऱ्याकडे पाणी उडवत निघाल्या. “जेवल्या रे, सगळ्या जेवल्या!” बातमी ऐकून साहेबांनी फोनवरच सांगितलं, काम चालू ठेवा. नाखवांनी त्या दिवशी भाडं घेतलं नाही.

पुढच्या ओहोटीला होडीत बाईंचे यजमान होते, प्लास्टिकच्या खुर्चीवर. अर्धांगवायूनंतर त्यांची वाचा गेली होती, ते घराबाहेर पडत नसत. मला हे ठाऊक होतं, पण बाईंनी कधी विषय काढला नव्हता.

“रोज नुसतं ऐकतात,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, आज दाखवावं.”

नाखवांनी आणि मी खुर्ची उचलून खडकावर ठेवली. बाई त्यांच्या पायांशी पाण्यात बसल्या आणि ठोकळ्यांकडे बोट दाखवत राहिल्या. यजमान सगळं पाहत होते. मग त्यांनी चालता हात सावकाश उचलला आणि बाईंच्या डोक्यावर ठेवला.

पाणी चढू लागलं होतं, पण नाखवांनी घाई केली नाही.