अभिरुचीचा हर्रास

१९७४ सालच्या जून महिन्यात वाशीमच्या एका महाविद्यालयात एकाच पाकिटातून दोन परिपत्रकं आली. पहिल्यात म्हटलं होतं की, बी. ए.ला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची अभिरुची शास्त्रशुद्ध रीतीने तपासून त्याला योग्य तो विशेष विषय घेण्याबाबत मार्गदर्शन करावे. दुसऱ्यात म्हटलं होतं की, ज्या विशेष विषयाला दहापेक्षा कमी विद्यार्थी असतील तो बंद करून त्याच्या प्राध्यापकास अतिरिक्त ठरवावे. पाकीट एक, टाचणीही एकच. प्राचार्यांनी दोन्हींचा मिळून एकच अर्थ लावला, यात त्यांची चूक म्हणता येणार नाही.

तातडीने मार्गदर्शन समिती नेमण्यात आली. तत्त्वज्ञानाचे प्रा. दौलतराव, प्राकृतचे प्रा. देवेंद्रकुमार आणि गृहअर्थशास्त्राच्या प्रा. लिलाबाई हे तिचे सदस्य. तिघांकडेही नऊ-नऊ अर्ज आले होते आणि तिघांचेही धाबे दणाणले होते, ही त्यांची पात्रता. भूगोलाचे प्रा. भाऊसिंग यांच्याकडे ऐंशी अर्ज होते. ज्याला विद्यार्थ्यांची गरजच नाही तो त्यांना मार्गदर्शन काय करणार, असा मुद्दा निघाल्याने त्यांना वगळण्यात आलं.

समितीपुढे पहिली आली ती अनसिंगची रुख्मिणी. तिचे वडील रंगराव गावालगतच्या मळ्यात वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवून वाशीमच्या बाजारात आणत. आज वांग्यांबरोबर पोरगीही आणली होती. वांगी खपली होती, पोरगी बाकी होती.

"तुला कोणता विषय हवा?" दौलतरावांनी विचारलं.

"भूगोल पायजे जी," रुख्मिणी म्हणाली. तिने हे उत्तर दोन वर्षांपासून तयार ठेवलं होतं. "आमच्या हिरीचं पानी चैतात आटते. बांधाच्या पल्याड लखमाच्या हिरीले जेठातबी पानी रायते. खोली तं दोनीयची सारखीच हाये. असं काहून होते, ते मले शिकाचं हाये."

समितीने एकमेकांकडे पाहिलं. दौलतरावांनी डोळे मिटले.

"काहून," ते म्हणाले. "ही मुलगी 'काय' विचारत नाही, 'काहून' विचारते. कार्यकारणभावाची एवढी ओढ मी तीस वर्षांत पाहिली नाही. अभिरुची : तत्त्वज्ञान."

"क्षमा करा," देवेंद्रकुमार म्हणाले, "पण ती चैत म्हणाली, जेठ म्हणाली. चैत्र, ज्येष्ठ नाही म्हणाली. प्राकृत हिच्या जिभेवर आहे. तिला दुसरा विषय देणं म्हणजे विद्येचा अपमान होईल."

लिलाबाईंनी चष्मा पुसला. "पाणी कोण आणतं घरात? बाईच ना? मग पाणी हा गृहअर्थशास्त्राचा विषय झाला. यात वाद कसला?"

रुख्मिणी एकदा या तोंडाकडे, एकदा त्या तोंडाकडे बघत राहिली. आपण विहिरीबद्दल विचारलं होतं की नाही, अशी तिलाच शंका येऊ लागली. शास्त्रशुद्ध तपासणीत मात्र कसूर राहिली नव्हती. एका मुलीच्या तीन अभिरुची सिद्ध झाल्या होत्या आणि तिन्हींत तिची स्वतःची नव्हती.

रंगराव इतका वेळ दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांना तत्त्वज्ञान कळत नव्हतं, पण एका टोपलीवर तीन गिऱ्हाइकं तुटून पडली की काय करायचं, हे त्यांना फार चांगलं कळत होतं. टोपी डोक्यावर घालून ते पुढे आले.

"सायेब, भांडून काय करता? माल एक हाये अन् घेनारे तीन. बजारात आमी हर्रास करतो. तुमीबी बोला न जी, कोन काय देता ते."

मग दौलतराव खालच्या आवाजात म्हणाले, "माझ्या नोट्स. टंकलिखित."

"नोट्स अन् मागच्या पाच वर्षांचे पेपर, उत्तरांसकट," देवेंद्रकुमार म्हणाले.

"वर्गात आली नाही तरी हजेरी लागेल," लिलाबाई म्हणाल्या. "आणि प्रात्यक्षिकाला तिने काही करायचं नाही. स्वयंपाक मी करीन, मार्कही मीच देईन."

"द्वितीय श्रेणी," दौलतराव म्हणाले.

"प्रथम," देवेंद्रकुमार म्हणाले आणि घाम पुसला.

रंगरावांनी मान हलवली. पहिल्याच बोलीवर पाटी उतरवणारा शेतकरी कच्चा, हे त्यांना बापाने शिकवलं होतं. "पाहू जी. माल काई सडून नाई राह्यला. चाल वं रुख्मे."

"बाबा, मले भूगोल—"

"त्याले बोली कुटं लागली वं?" रंगराव म्हणाले, आणि बापलेक अनसिंगच्या बसला निघून गेले.

ही बातमी त्यांच्याआधी गावोगाव पोहोचली. दुसऱ्या दिवशी शिरपूरच्या पहिल्या बसने बावीस पालक उतरले, आसेगावचे ट्रकमध्ये बसून आले. आवारात मुलं ओळीने उभी करण्यात आली. फर्स्ट क्लासवाली पुढे, सेकंड क्लासवाली मागे, आणि एकदा नापास होऊन पास झालेली झाडाखाली ढीग करून. प्राचार्यांना हा गोंधळ मुळीच आवडला नाही. म्हणून त्यांनी तो रीतसर केला. बोली-नोंद अर्ज छापून घेतला, तीन प्रतींत भरण्याचा नियम केला आणि शिपायाला 'एक बार, दो बार' म्हणण्याचे अधिकार लेखी दिले.

दहाचा आकडा पहिल्या तासातच पार झाला. तिथे थांबायला हरकत नव्हती, पण परिपत्रकाच्या पाठीवर असंही छापलेलं निघालं की, तीस विद्यार्थी झाल्यास दुसरे पद मिळेल आणि चाळीस झाल्यास विभागप्रमुखांच्या खोलीत पंखा. मग मात्र समितीने मागेपुढे पाहिलं नाही. भूगोलाचे अर्ज भरलेली मुलं पालकांनी हाताला धरून आणली आणि त्यांच्या अभिरुची नव्याने तपासून घेतल्या. एकाला फक्त नाव विचारलं आणि त्याने ते सांगण्याआधी विचार केला, म्हणून तो तत्त्वज्ञानात गेला. चार दिवसांत ऐंशींपैकी एकाहत्तर मुलं भूगोलातून उठली. उरलेली नऊ भूगोलनिष्ठ होती असं नाही. ती लग्नाला बाहेरगावी गेली होती.

पाचव्या दिवशी शेवटचा माल म्हणून रुख्मिणी उभी राहिली. रंगरावांनी तिला एवढे दिवस रोखून धरलं होतं आणि त्यांचा हिशेब बरोबर निघाला. तत्त्वज्ञान आणि गृहअर्थशास्त्र यांना पंखे मिळाले होते, पण प्राकृत एकोणचाळीसवर अडलं होतं. देवेंद्रकुमारांनी प्रथम श्रेणीला सुवर्णपदक जोडलं आणि वर तीनही वर्षांचे पेपर आपण स्वतः लिहू, असं सांगितलं. भोवतीच्या पालकांच्या तोंडून आपसूक 'वा' निघालं.

"एक बार," शिपाई म्हणाला.

तेवढ्यात प्रा. भाऊसिंग गर्दीतून वाट काढत आले. अंगात घामेजलेला शर्ट, बगलेत गुंडाळलेला नकाशा. नऊ विद्यार्थी, दहाला एक कमी, म्हणजे उद्यापासून ते अतिरिक्त. त्यांनी ना प्राचार्यांकडे पाहिलं, ना रंगरावांकडे. ते सरळ रुख्मिणीला म्हणाले, "तुमची विहीर नाल्याच्या कोणत्या अंगाला आहे?"

"उगवतीकडं," ती म्हणाली.

"आणि खणताना खाली काय लागलं होतं? काळा पाषाण, की मुरूम?"

"पाषान जी. लखमाले मुरूम लागला होता."

"मग तिथेच तुझ्या प्रश्नाची सुरुवात आहे," भाऊसिंग म्हणाले. "दोन वर्षं लागतील, पण सगळं समजेल."

एवढ्या दिवसांत रुख्मिणीच्या विहिरीबद्दल कोणी विचारलं होतं ते आत्ताच. तिने बापाची बाही घट्ट धरली. "बाबा, ह्याच सरांकडे."

रंगरावांनी भाऊसिंगांना आपादमस्तक न्याहाळलं. "तुमची बोली काय जी?"

"मी शिकवीन."

"ते समजलं जी. पन देता काय?"

"रोज शिकवीन," भाऊसिंग म्हणाले. त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

प्राचार्यांनी बोली-नोंद अर्ज तिन्ही प्रतींत चाळून पाहिला. 'शिकवणे' असा रकाना त्यात नव्हता. पूर्वउदाहरण नसल्याने ही बोली ग्राह्य धरता येत नाही, तथापि पालकांची हरकत नसल्यास अपवाद करता येईल, असा निर्णय त्यांनी दिला.

रंगरावांनी पोरीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, आणि माणूस वाईट नव्हता. "जाऊ द्या," ते हळूच म्हणाले, "पोरीचं मन हाये, तं—"

"रंगराव," मागून आवाज आला. शिरपूरचे मिश्रीलालशेठ होते. त्यांच्या देवळासमोरच्या दुकानात उधारीसुद्धा हसतमुखाने मिळे, पण आत्ता ते हसत नव्हते. "तुमी नुसत्या शिकोन्यावर पोरगी देऊन राह्यले. उद्या समदे प्रोफेसर हेच म्हनतीन, आमी शिकवतो. मंग आमच्या लेकरायले काय भेटन? भाव पाडू नका."

"भाव पाडू नका," आसेगावचे म्हणाले. मग सगळेच म्हणाले. कोणी ओरडलं नाही, कोणी धमकी दिली नाही. आपल्या मुलांचं भलं चिंतणारी साधी, सज्जन माणसं होती ती.

रंगरावांनी मान खाली घातली. बाहीवरची रुख्मिणीची बोटं त्यांनी एकेक करून सोडवली. शिपायाने 'तीन बार' म्हटलं, प्राकृतचे चाळीस झाले. भूगोल बंद पडला, आणि नकाशा गुंडाळलेलाच घेऊन भाऊसिंग फाटकाबाहेर पडले.

यात कोणावर अन्याय झाला असं वाटून तुम्हाला त्या पालकांचा राग येत असेल, तर तो जरा आवरा. आपल्या मुलाला प्रवेश घेऊन दिलात तो दिवस आठवा. तिथल्या खुर्चीवर बसून तुम्ही निकाल विचारलात, हजेरीची सूट विचारलीत, पुढे नोकरी कुठे लागते तेही विचारलंत. तिथे शिकवतात का, हे विचारायचं राहून गेलं, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या कोणी ते विचारलंच असतं, तर त्याला गप्प करणाऱ्यांत पहिला आवाज तुमचा असता.