दिवेलागणीचं मीठ

"उद्या साखरपुड्यात अंगठीकडे कोणी बघणारच नाही. सगळे माझ्या केसांकडे बघतील!"

विपुल भोईरने आदल्या संध्याकाळी भर हॉलमध्ये हे जाहीर केलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी त्याच्या केसांकडे बघितलं. बघण्यासारखं तिथे फारसं नव्हतं. केस होते, पण पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखे टाळूला चिकटून बसलेले!

विपुल महाप्याच्या एका आयटी कंपनीत होता आणि गेला महिनाभर जेवणाच्या सुट्टीत त्याने एकाच विषयाचा अभ्यास केला होता : खारं पाणी आणि केस.

"समुद्रात डुंबून आल्यावर केस दाट का दिसतात? मीठ केसातला ओलावा खेचून घेतं. केस खरखरीत होतात, एकमेकांना धरून उभे राहतात. याला टेक्श्चर म्हणतात!"

"अरं, तुजा आजा जलमभर मिठागरान राबला," गोजराआत्या म्हणाली. "त्याचं केस आठवतान का? नारलाची सोडनं! निस्ता काथ्या!"

"रोज केलं तर तसं होतं, आत्या. केस कोरडे पडतात, तुटतात. मी एकदाच करणार. एकदाच केलं की हिरो!"

गोजराआत्या म्हणजे विपुलच्या वडिलांची थोरली बहीण. शिरवण्यात भोईरांची तीन मजली इमारत उभी राहिली, भाडेकरू आले, लिफ्ट आली. पण स्वयंपाकघरात कायदा आत्याचाच.

विपुलने कृती वहिनीला समजावून दिली. गरम पाणी, त्यात जाडं मीठ, ढवळायचं, फवारणीच्या बाटलीत भरायचं. वहिनी म्हणजे मनाली, थोरल्या भावाची, केतनची बायको. माहेर कराडचं, लग्न नुकतंच झालेलं आणि सासरी सगळ्यांचं मन जिंकायचा निर्धार पक्का! विपुल स्वतःच बाटली भरणार होता, पण त्याने तोवर चेहऱ्यावर मुलतानी माती थापली होती. आता वाळेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. तो सोफ्यावर मूर्तीसारखा आडवा झाला.

आत देवाजवळ घंटी वाजली. मग मनालीचा आवाज आला.

"आत्या, भावोजींच्या केसांच्या पाण्यात मीठ घालायचंय, तर..."

"तोंड आवर, पोरी! दिवा लावलाय ना! आता त्याचं नाव घेतान का?"

"अगंबाई! मग काय घालू?"

"गोड घाल, गोड! नि हात नको आखडू. शुभ काम हाय."

सोफ्यावर विपुल मनातल्या मनात हसला. भोईरांचे पूर्वज मिठागरातले. त्यांच्या घरात दिवे लागल्यावर मिठाला मीठ म्हणत नसत. रात्री सापाला जसं 'लांबडं' म्हणतात, तसं मिठाला 'गोड' म्हणायचं. "कालवनात गोड कमी हाय" असं भोईरांकडे कोणी म्हणालं, तर पाहुणे गोंधळत; घरचे मीठ वाढत. हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. मांजर अर्थात शिरवण्याचं होतं, कराडचं नव्हतं!

सकाळी विपुलने बाटली हलवली आणि फवारा मारला. ड्रायर फिरवला. आणि काय सांगावं! केस उठले. उठले आणि उभेच राहिले! वर चमक अशी, की पॉलिश केलेला बूट लाजावा.

केतनने येऊन डोक्यावर बोटाने वाजवून पाहिलं. टक टक आवाज आला.

"विपल्या, हेल्मेट काढ ना! गाडीने जायचंय आपल्याला."

"टेक्श्चर आहे ते! तुला नाही कळणार."

"अरे, कंगवा आत जात नाहीये!"

"मीठ पकड धरतं. मी वाचलंय."

साखरपुडा जुईनगरच्या हॉलमध्ये होता. एसी होता, पण तो फक्त भिंतीवर होता. नवरी मुलगी अबोली मोरपंखी शालूत आली, विपुलच्या डोक्याकडे पाहून क्षणभर थबकली आणि कुजबुजली, "छान आहे... काय आहे?"

"नंतर सांगतो," विपुल म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्याच्या केसांची चौकशी केली होती!

अबोलीचे वडील दिलीपराव यांचा जन्म कारखान्यात तयार माल तपासून नापास करण्यात गेला होता. ते घड्याळही उलटं करून मागून बघत. रिवाजाप्रमाणे त्यांनी होणाऱ्या जावयाच्या डोक्यावर टोपी ठेवली. मग सगळ्यांनी अक्षता टाकल्या. सर्वसाधारण माणसाच्या अंगावरून अक्षता खाली पडतात. विपुलच्या टोपीबाहेर आलेल्या केसांवर त्या पडल्या आणि तिथेच राहिल्या, एकेक दाणा, राजगिऱ्याच्या लाडवासारख्या! हॉलमधल्या उकाड्याने डोकं आता पाझरू लागलं होतं. मीठ ओलावा खेचतंय, विपुलने स्वतःला समजावलं. अभ्यासात हे होतंच.

"दादा, एक फोटो टोपीशिवाय," फोटोग्राफर म्हणाला.

अबोलीच्या हातात अंगठी तयार होती. दिलीपराव पुढे झाले आणि त्यांनी टोपी उचलायला हात घातला. टोपी उठेना. त्यांनी जोर लावला. टोपीबरोबर केस वर गेले, केसांबरोबर कपाळ वर गेलं, कपाळाबरोबर विपुलच्या भुवया वर गेल्या आणि तोंडातून "आई गं!" बाहेर पडलं.

पहिल्या रांगेतून एक मावशी किंचाळल्या, "अगंबाई! विग!"

सनईची सीडीसुद्धा नेमकी तेव्हाच अडकली.

"अबोली," दिलीपराव म्हणाले, "अंगठी खाली ठेव."

"काका, माझेच केस आहेत!" विपुलला घाम फुटला. "खाऱ्या पाण्याचे आहेत!"

"खाऱ्या पाण्याचे? बोअरिंगच्या?"

"नाही हो, मिठाचे!"

"मिठाचे केस?" अबोलीची आई जयमालाबाई खुर्चीत बसल्या. मागच्या रांगेत कोणीतरी शेजारच्याला सांगितलं, "मिळतात हल्ली. चायनाचे. धुतले की विरघळतात."

"जो माणूस डोक्यावरचं लपवतो," दिलीपराव सावकाश म्हणाले, "तो डोक्यातलं काय काय लपवत असेल? पास नाही करता येणार मला."

वर्षभर समजावून विपुलने हा माणूस लग्नाला राजी केला होता, आणि आता लग्न एका टोपीला चिकटून बसलं होतं!

तेवढ्यात जयमालाबाई पुन्हा उठल्या. "अहो, मुंग्या! त्यांच्या कॉलरवरून मुंग्या चालल्यात!"

खरंच होतं. गळ्यातल्या हारातून निघालेली मुंग्यांची रांग कानामागून शिस्तीत डोक्याकडे निघाली होती.

"मिठाला मुंग्या लागत नाहीत," दिलीपराव म्हणाले. तपासनीस जागा झाला होता.

अबोलीने अंगठी खाली ठेवली नव्हती. ती पुढे आली, टोपीच्या कडेवरून तिने बोट फिरवलं आणि सगळ्यांदेखत जिभेला लावलं. हॉलभर "ईऽऽ!" झालं.

"गोड आहे," ती म्हणाली. "पाक आहे हा!"

विपुलने मनालीकडे पाहिलं. मनालीने आत्याकडे पाहिलं.

"आत्याच म्हणाल्या, दिवेलागणीला मीठ नको, गोड घाल!" मनाली रडकुंडीला आली. "म्हणून मी साखर घातली. शुभ काम म्हणून वाटीभर घातली!"

"अगो, मी मीठच सांगतला व्हता!" आत्याने कपाळावर हात मारला. "दिवं लागल्यावं नाव कसा घेनार?"

दिलीपरावांनी टोपीकडे पाहिलं, मुंग्यांकडे पाहिलं, आणि त्यांचं पोट हलायला लागलं. मग खांदे. मग ते मोठ्याने हसले.

"अहो विपुलराव, साखरपुड्याला साखर पुड्यातून द्यायची असते! तुम्ही डोक्यावरून घेऊन आलात!"

विपुलला हॉलच्या न्हाणीघरात नेऊन केतनने बादलीभर पाणी ओतलं. पाक गेला, टोपी सुटली, मुंग्याही गेल्या. पण खाडीजवळच्या त्या हॉलला बोअरिंगचंच पाणी होतं, समुद्राला लाजवेल इतकं खारं! पंख्याखाली केस वाळले आणि राठ, कोरडे, चहूदिशांना उभे राहिले. अगदी नारळाची सोडणं!

"हां! आता आजासारका दिसतंस," आत्या म्हणाली.

अबोलीने त्याच्या बोटात अंगठी घातली आणि हळूच म्हणाली, "हे निदान खरे वाटतात."

संध्याकाळी शिरवण्याला देवाजवळ दिवा लागला. विपुल डोक्यावर खोबरेल थापून जेवायला बसला. पहिलाच घास घेतला, आमटी अळणी. सवयीने तो बोलून गेला,

"वहिनी, जरा गोड द्या."

मनाली तत्परतेने उठली आणि डब्यांच्या फळीकडे वळली. आत्याचा घास हातातच राहिला. एकदा तिने दिव्याकडे पाहिलं, एकदा भाच्याच्या डोक्याकडे, आणि पिढ्यांचा नेम मोडून ती अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"मीठ! मीठ! मीठ दे त्याला!"