पापण्यांवर दोन बोटं

चिटणिसांनी आखलेल्या कार्यक्रमात साहेबांना शिंकसुद्धा वेळापत्रकाबाहेर येत नाही, असं पक्षात म्हणत. म्हणत म्हणजे स्वतः चिटणीसच म्हणत, पण बावीस वर्षं तेच ऐकून इतरांनाही ते पाठ झालं होतं. सभेत टेबल कुठं, टेबलावर पेला कुठं, पेल्यापासून माईक किती वीत लांब, सगळं त्यांच्या कागदावर असे. त्यामुळं साहेबांनी एका सकाळी "मला प्रार्थनाघरात जायचंय" असं जाहीर केलं, तेव्हा कार्यालयातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागले आणि चिटणिसांनी पेनाचं टोपण काढलं.

बघण्यासारखंच होतं ते. प्रार्थनेवाचून माणसाचं काही अडत नाही, हे सांगण्यात पक्षाची चाळीस वर्षं गेली होती. प्रार्थनाघराच्या मागच्या वस्तीनं तितकीच वर्षं पक्षाला मत दिलं नव्हतं. दोन्ही बाजू आपापल्या जागी सुखात होत्या. पण गेल्या खेपेला साहेब अगदी थोडक्यात पडले आणि त्यांचं लक्ष त्या वस्तीकडं गेलं.

"मतांचं राहू द्या," साहेब म्हणाले. "इतकी वर्षं मी त्या लोकांविरुद्ध बोलतोय. पण ते आत बसून नेमकं करतात काय? तुमच्यापैकी कुणी पाहिलंय?"

कुणीच पाहिलं नव्हतं. साहेबांच्या डोळ्यांत मात्र कुतूहल दिसत होतं, आणि ते खरं होतं.

पक्षसमितीच्या अध्यक्षबाई निवृत्त विज्ञानशिक्षिका होत्या. त्यांच्यासमोर साहेबसुद्धा ताठ बसत. त्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. "भेटा, बोला, विचारा. पण साहेब प्रार्थना करताना दिसले, तर चिटणीस, तुमचा राजीनामा माझ्या टेबलावर."

चिटणीस हसले. पक्ष सोडला तर आपण दिवसभर करायचं काय, हा प्रश्न त्यांना बावीस वर्षांत कधी पडलाच नव्हता. आता तो पडला आणि जेवताना, दाढी करताना, झोपतानाही पडत राहिला.

सुदैवानं प्रार्थनाघराचा सगळा कारभार त्यांच्या भावजींकडं होता, म्हणजे ताईच्या नवऱ्याकडं. दुर्दैवानं दोघांचं बोलणं नव्हतं. ताईच्या लग्नात प्रार्थना सुरू झाली तेव्हा चिटणीस तत्त्व म्हणून बाहेर जाऊन उभे राहिले होते, आणि भावजींनी ते मनाला लावून घेतलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी अतिशय अदबीनं वागत आणि चकार शब्द बोलत नसत. काही सांगायचं झालंच तर ताईमार्फत.

याही वेळी कागद ताईच्या पिशवीतून गेला. चिटणिसांनी विचारलं होतं, पाहुण्यांनी काय करू नये? उत्तर आलं: फोन आत आणू नयेत, आमचं चालू असताना बोलू नये. खाली भावजींचा उलटा प्रश्न होता: तुमच्या बैठकीच्या सुरुवातीला काही रीत असते का? चिटणिसांनी लिहिलं: असते. दिवंगत कार्यकर्त्यांसाठी आम्ही थोडा वेळ शांत बसतो.

"अरे, हे सगळं तुम्ही समोरासमोर बसून का नाही बोलत?" ताई वैतागली. "माझी पायपीट होते नुसती."

"सगळं ठरलंय, ताई. आता बोलण्यासारखं काही उरलंच नाही."

तिथंच घोळ झाला. तो कागद वाचून भावजींचं मन भरून आलं. पाहुण्यांच्या घरची रीत आपण पाळायची, असं त्यांनी ठरवलं. आपल्या माणसांना त्यांनी बजावलं, "आधी पाहुण्यांचं होऊ द्या. ते शांत बसले की आपण शांत बसायचं. ते करतील ते करायचं. त्यांचं संपलं की मगच आपली प्रार्थना." हे चिटणिसांना कळवावं असं काही त्यांना वाटलं नाही. ऐन वेळी पाहुणे खूश होतील, हा विचार.

इकडं चिटणीस साहेबांना पढवत होते. "त्यांचं चालू असताना एक शब्द नाही. हात जोडायचे नाहीत. ओठ हलवायचे नाहीत. आणि काहीही झालं तरी डोळे मिटायचे नाहीत."

ठरल्या दिवशी साहेब पहिल्या बाकावर बसले, शेजारी चिटणीस. समोर प्रार्थनाघराचे प्रमुख होते. त्यांना सगळे नुसतं 'थोरले' म्हणत. मागं दोनशे माणसं होती आणि दारात वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. सगळे शांत झाले.

पाच मिनिटं गेली. साहेबांनी खिडक्या मोजल्या. थोरल्यांकडं पाहिलं. थोरले अत्यंत आदरानं साहेबांकडं पाहत होते. दहा मिनिटं झाली. म्हणजे यांची प्रार्थना बिनआवाजाची असते, असं साहेबांना वाटलं आणि त्यांचा आदर वाढला. या पक्षाचे किती कार्यकर्ते गेले असतील, असं थोरल्यांना वाटलं आणि त्यांचाही आदर वाढला. विसाव्या मिनिटाला मागं एक म्हातारे गृहस्थ घोरू लागले. त्यांना कुणी उठवलं नाही. पाहुण्यांच्या दुःखात व्यत्यय नको.

पंचविसाव्या मिनिटाला साहेबांचे डोळे मिटले.

चिटणिसांची नजर आधी दारातल्या कॅमेऱ्याकडं गेली. साहेबांना डुलकी लागली होती, पण फोटोत डुलकी आणि भक्ती यांत फरक दिसत नाही. बोलायची सोय नव्हती. त्यांनी कोपरानं ढोसलं. साहेबांनी एक डोळा किलकिला केला. तो पुन्हा मिटायच्या आत चिटणिसांनी त्यांच्यासमोर वाकून स्वतःच्या दोन्ही पापण्यांवर दोन बोटं ठेवली आणि वर उचलली. डोळे उघडे ठेवा, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

भावजी नजर लावून बसलेच होते. त्यांनी ताबडतोब पापण्यांवर बोटं ठेवली. थोरल्यांनी ठेवली. बाकांमागून बाकं सरसावली आणि दोनशे माणसांनी पापण्यांवर बोटं ठेवून उचलली. 'नाही, नाही' म्हणून चिटणिसांनी दोन्ही तळवे हलवले. दोनशे जोड्या तळवे हलले. ते घाबरून खोकले. सगळं प्रार्थनाघर खोकलं.

त्या खोकल्यानं साहेब जागे झाले आणि त्यांनी मागं वळून पाहिलं. चिटणिसांची बोटं पुन्हा पापण्यांवर गेली होती, त्यामुळं सगळ्यांचीच गेली होती. साहेब मुरलेले पुढारी. दोनशे मतदार जे करतायत ते आपण करायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मोठ्या भक्तिभावानं पापण्यांवर बोटं टेकवली.

दारातून कॅमेऱ्याचा आवाज आला.

शेवटी ताईच उभी राहिली. "साहेब, माफ करा, पण तुमचं संपायला अजून किती वेळ आहे?"

"आमचं?" साहेब म्हणाले. "अहो, आम्ही तुमचं संपायची वाट बघतोय."

ताईनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग भावाकडं. दोघंही जमिनीकडं बघत होते. "दोघांच्या मध्ये माझी पायपीट," एवढंच ती म्हणाली आणि खाली बसली. मग थोरले हसू लागले आणि त्यांच्या मागोमाग सगळे. साहेबांनी बाक ओढून थोरल्यांसमोर बसकण मारली.

"एक विचारू? तुम्ही प्रार्थनेत मागता तरी काय?"

"तुम्ही निवडणुकीत काय मागता?"

"ते मिळत नाही म्हणून तर इथं आलोय."

"आमचंही पुष्कळ वेळा तसंच होतं," थोरले म्हणाले. पुढं दोन तास ते दोघं बोलत होते. त्यांना कुणी मध्येच तोडलं नाही. भावजींनी चिटणिसांपुढं पाण्याचा पेला धरला आणि "घ्या," म्हणाले. इतक्या वर्षांत ते थेट बोललेला हा पहिला शब्द होता. चिटणिसांना बरं वाटलं, पण त्यांचं लक्ष दाराकडं होतं; फोटोग्राफर केव्हाच निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी फोटो पहिल्या पानावर होता. चिटणीस राजीनामा लिहूनच समितीसमोर गेले.

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. "ही प्रार्थना आहे?"

"त्यांची नाही," साहेब म्हणाले. थोरल्यांनी तसं लिहूनही दिलं होतं: सदर प्रकार आमच्या प्रार्थनेत नाही, आम्ही तो पाहुण्यांकडून शिकलो.

"आपल्या पक्षात तर असं काही नाही. मग ही आहे कुणाची?"

"माझी," चिटणीस पुटपुटले. "पण माझीही नाही. मी फक्त साहेबांना उठवत होतो."

"म्हणजे कालपर्यंत जगात नसलेली प्रार्थना तुम्ही उभी केलीत आणि पहिल्याच दिवशी दोनशे माणसं मिळवलीत." बाईंनी राजीनामा पुढं ओढला, पेन उचललं आणि तसंच हातात धरलं. "आपल्या मागच्या सभेला किती होती?"

"एक्केचाळीस. आपल्यासकट."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ही प्रार्थना आहे की नुसती हालचाल, हे ठरल्याशिवाय सही करता येणार नाही. आणि करून पाहिल्याशिवाय मत द्यायला आपण काही अंधश्रद्धाळू नाही. चिटणीस, दाखवा."

चिटणिसांनी दाखवलं. समितीच्या सातही जणांनी, केवळ तपासणी म्हणून, डोळे मिटून पापण्यांवर बोटं ठेवली. खोली बराच वेळ शांत राहिली. "निष्कर्ष निघत नाही," बाई शेवटी जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "पुढच्या बैठकीत पुन्हा पाहू."

त्यानंतर सहा बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीत राजीनाम्याचा विषय पहिला असतो, पण आधी तपासणी होते आणि ती संपेपर्यंत बैठकीची वेळ संपलेली असते.