गद्रे काकांचं बेसबॉल-पंचांग

आमच्या ओसाकात पाडव्याचं श्रीखंड किती वाजता मिळणार, हे बेसबॉलवर अवलंबून असतं. पुण्यात हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. पण जपानात बेसबॉलचा हंगाम मार्चअखेर सुरू होतो, पाडवाही साधारण त्याच सुमाराला येतो, आणि गद्रे काका नावाचे गृहस्थ नेमके या दोघांच्या मध्ये उभे राहतात. पाडव्याला पंचांगातलं वर्षफल वाचायची आपल्याकडे पद्धत आहे. काका लीगमधल्या सहा संघांचं वर्षफल वाचतात. कोण पहिला येणार, कोण सहावा, कोण मध्येच लटकणार, सगळं. तोवर पुऱ्या गार होतात.

वाचनही साधंसुधं नाही. धोतर, उपरणं, कपाळाला गंध, खाली पाट. आधी घसा खाकरणार, मग सुरू. "या संवत्सराचा राजा तोक्यो, मंत्री हिरोशिमा. राजा उग्र असल्याने प्रजेस ताप. नागोयाच्या पिचरांस खांदेदुखी संभवते. योकोहामास धावांचं पीक उत्तम, परंतु पावसाळ्यानंतर कीड." कुणी फिसकन हसलं की काका चष्म्यावरून बघतात. "हसू नका. मी ज्योतिषी नाही, इंजिनियर आहे. आकडे भावनेला भीक घालत नाहीत."

हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणतात की आमच्या मुलांनाही पाठ आहे. माझी सई घरात मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर देते, पण 'भीक घालत नाहीत' मात्र अस्खलित म्हणते.

काका इथे एका कारखान्यात बेअरिंगचं आयुष्य मोजायचे. म्हणजे हे बेअरिंग कधी निकामी होईल, ते आधीच सांगायचं. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून ते चेंडू फेकणाऱ्या पिचरांकडे वळले असावेत. त्यांच्या मते माणसाचा खांदा म्हणजे बेअरिंगच. "आधी आवाज येतो," ते सांगतात. "अगदी बारीक. ज्याला ऐकू येतो त्याला सगळं कळतं." फेब्रुवारीत सरावाचे सामने सुरू झाले की काका रोज सकाळी स्टेशनजवळच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, उभ्याने सगळी खेळाची वर्तमानपत्रं वाचून काढतात आणि मग लाज वाटून एक ओनिगिरी विकत घेतात. तो भाताचा गोळा त्यांना आवडत नाही. घरी आणून फ्रीजमध्ये ठेवतात.

एवढा अभ्यास करून भाकीत कधी खरं ठरतं का, असं कुणी विचारू नये. काकांनी ज्याला राजा केलं तो संघ बहुधा ऑगस्टपर्यंत रसातळाला जातो. ऑक्टोबरात आम्ही छेडलं तर काका शांतपणे म्हणतात, "पंचांग बरोबर होतं. खेळाडू चुकले."

खरी मजा मात्र वाचनाच्या शेवटी यायची. ओसाकाच्या संघाचं नाव काका मुद्दाम मागे ठेवायचे. मग एकदम थंड आवाजात, "पंचम स्थानी, ओसाका."

की स्वयंपाकघरातून शैलाकाकू बाहेर. हातात झारा, त्यातून तूप ठिबकतंय.

"अहो, सणाच्या दिवशी हे बोलवतं कसं तुम्हाला? पाणी कुठलं पिता? ओसाकाचं ना?"

"आकडे भावनेला..."

"आकडे घाला चुलीत! त्या नव्या पोराचा हात बघितलात का? बघितलात का, सांगा! आणि तुमचा तो तोक्योवाला, पळताना धापा टाकतो!"

काकू एकेक खेळाडू घेऊन भांडायच्या, कारण त्यांना काकांपेक्षा दसपट माहिती होती. नव्याने जपानात आल्या तेव्हा काका दिवसभर कारखान्यात, आणि घरात बोलायला एक रेडिओ. काकू जपानी शिकल्या त्या बेसबॉलच्या समालोचनातून. त्यामुळे त्यांचं जपानी थेट मैदानातलं. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी भाजीवाल्याला म्हणायच्या, "नववा डाव आहे, दोन बाद आहेत, आता तरी मुळ्याचा भाव उतरवा." ओसाकातल्या भाजीवाल्याला असं गिऱ्हाईक म्हणजे पर्वणी. तो भाव उतरवायचा आणि वर एक कांद्याची पात द्यायचा.

तर असं भांडण रंगायचं. काका घासाघीस करत पाचव्यावरून चौथ्यावर, चौथ्यावरून तिसऱ्यावर यायचे. तिसऱ्यावर सौदा पटायचा, आम्ही टाळ्या वाजवायचो आणि काकू श्रीखंडाचं पातेलं बाहेर आणायच्या. खरं सांगायचं तर आम्ही इथली मराठी कुटुंबं त्यांच्याकडे जमायचो ते या भांडणासाठीच. गुढी आपली निमित्ताला.

मग कचऱ्याचं प्रकरण झालं. आमच्या इमारतीत कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा याचे नियम कडक आहेत. इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी मुलीला ते नियम काकूंनी शिकवलेत, मलाही. त्याच काकूंनी प्लास्टिकच्या दिवशी भाजीच्या देठांची पिशवी ठेवली. इमारतीचे मॅनेजर पिशवी परत घेऊन आले, शंभरदा वाकून माफी मागत. काकूही वाकल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. नंतर एकदा काकूंना स्टेशनवरून घरी यायचा रस्ता सापडेना. डॉक्टरांनी जे सांगितलं ते काकांनी मला लिफ्टसमोर उभं राहून सांगितलं, आणि सांगताना लिफ्टचं बटण उगाच पुन्हा पुन्हा दाबत राहिले.

"आवाज आधी येतो म्हणायचो," ते म्हणाले. "माझ्याच घरात मला ऐकू आला नाही बघ."

मी म्हटलं, काका, चहा घ्यायला या. ते आलेही, आणि साखर न घालता पिऊन गेले.

काकूंचं आधी जपानी गेलं. मग माणसांची नावं. हिवाळ्यात त्यांचं भांडणं थांबलं, आणि काकांना तेच सगळ्यांत सोसेना. या वर्षी पाडव्याच्या आधी आम्ही दोघं नदीकाठाने चालत होतो, तेव्हा त्यांनी मला विश्वासात घेतलं.

"सगळ्याला हो म्हणते गं. खिचडी करू? हो. दार लावू? हो. जन्मात या बाईने मला सलग दोनदा हो म्हटलं नव्हतं." थोडं चालून पुढे म्हणाले, "या वर्षी ओसाका सहावा."

मी थांबलेच. "सहावा? काका, यंदा तर संघ चांगला आहे. तुमचे आकडे काय म्हणतात?"

"आकडे गेले खड्ड्यात."

त्यांच्या तोंडून हे ऐकायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

"ती चिडली पाहिजे," काका म्हणाले. "एकदाच. झारा नको, काही नको. नुसतं 'अहो' म्हणून ओरडली तरी पुरे. मग बाकीचं मी बघून घेईन." आणि नाक शिंकरायच्या निमित्ताने पाण्याकडे तोंड करून उभे राहिले.

पाडव्याच्या जवळच्या रविवारी त्यांच्याकडे नेहमीसारखे जमलो. कपडे वाळत घालायच्या काठीची गुढी बाल्कनीत उभी केली. कडुनिंब इथे मिळत नाही, म्हणून पुण्याहून आणलेली पूड सगळ्यांनी चिमूटभर चाटली. श्रीखंड मी केलं होतं. काकूंना मी त्यांचं हिरवं लुगडं नेसवलं, केसात फूल माळलं. त्या सोफ्यावर बसून सगळ्यांकडे कौतुकाने बघत होत्या, लग्नाला आलेल्या पाहुण्या बघतात तशा.

काका पाटावर बसले. राजा झाला, मंत्री झाला, खांदेदुखी झाली. नेहमीच्या जागी कुणी हसलं नाही. सगळ्यांना काका कशाची वाट बघतायत ते मीच आधी सांगून ठेवलं होतं.

"षष्ठ स्थानी," काका म्हणाले आणि थांबले. "ओसाका."

"एऽऽऽ?" मुलं ओरडली. काकांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. त्यांचं लक्ष सोफ्याकडे होतं. काकू गुढीकडे बघत होत्या.

काकांनी आवाज चढवला. "ओसाका सहावा! यांना चेंडू दिसत नाही, दिसला तर लागत नाही, लागला तर पळवत नाही. पिचर तर असे आहेत की त्यांच्यापेक्षा आमच्या इमारतीचे मॅनेजर बरे. असा दळभद्री संघ या लीगमध्ये झाला नाही, होणार नाही!"

उपरणं खांद्यावरून घसरलं होतं. ते त्यांनी तसंच राहू दिलं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

काकूंनी मान वळवली. काकांकडे नीट बघितलं. मग प्रसन्न हसल्या.

"किती छान वाचता हो तुम्ही," त्या म्हणाल्या.

काकांनी घसरलेलं उपरणं सावरलं.

"आमचे हे पण वाचतात. दर पाडव्याला. आज अजून ऑफिसातून आले नाहीत, नाहीतर ओळख करून दिली असती." काकू जरा पुढे वाकल्या. "ते पण ओसाकाला असंच खाली टाकतात."

"हो का?" काकांनी विचारलं. "का बरं?"

काकूंनी आवाज हळू केला, पण खोलीत इतकी शांतता होती की आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं.

"मुद्दाम. मी बाहेर येऊन भांडावं म्हणून. त्यांना जवळ बसून बोलता येत नाही हो, लाजतात. मग हे असं काहीतरी काढतात. मी पण येते झारा घेऊन, आवाज करते. बरं वाटतं त्यांना. मलापण."

काकांनी चष्मा काढला. उपरण्याच्या टोकाने पुसला. बराच वेळ पुसत होते.

"तुम्हाला हे कळतं," ते म्हणाले, "हे त्यांना ठाऊक आहे?"

"अगं बाई, नाही! कळलं तर टाकायचे बंद होतील." काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. "तुम्ही सांगू नका हं."

"नाही सांगत," काका म्हणाले.

मग चष्मा डोळ्यांवर चढवून, घसा साफ करून, त्यांनी ओसाकाला पुन्हा एकदा सहाव्या जागेवर टाकलं आणि काकूंकडे बघत राहिले.